पांढऱ्या विमानातला मी

चिंचकट्टी, सांबरा विमानतळाच्या कुंपणाला लागून
चौथ्या मंगळवारानंतरचा शुक्रवार

तीर्थरूप तम्मण्णामामांच्या चरणी भाचा रविराज याचा दंडवत.

इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. (तिघं म्हणजे आई, मी आणि मी. लिहिताना चुकलेलो नाही, खुलासा पुढं येतोय, तोवर चष्मा काढू नका.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? एकतीस वर्षं निपाणी-बेळगाव बसचा ब्रेक दाबून तो झिजला, आणि आता त्याच रस्त्यावर भाड्याची बस भाड्याच्या ड्रायव्हरसकट पळते, हे दिवाळीत तुम्ही मला दीड तास सांगितलंत आणि मी तोंडावर हात धरून हसत होतो. विमानाच्या ड्रायव्हरला कोण भाड्यानं आणणार, असा माझा तोरा होता. त्या हसण्याची माफी आधीच मागतो. मामींना सांगा, शेंगदाण्याची चटणी पोचली. निम्मी मी खाल्ली आणि निम्मी आईनं त्याच्यासाठी झाकून ठेवलीय. (तोही खुलासा पुढं.)

एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर आलेला माझा आवाज माझाच आहे, याची आता मलाच खात्री देता येत नाही, तर तुम्हाला कुठून देऊ? अक्षर मात्र माझं आहे. इतकं वाईट अक्षर भाड्यानं घ्यायला अजून कुणी आलेलं नाही. तिसरीत असताना ज्या आडव्या झोपलेल्या 'र'पायी तुम्ही माझा कान पिळला होता, तो अजून उठलेला नाही, वर बघून घ्या.

आता मूळ गोष्ट. तुमच्या निपाणीकडे पाळणूक नाही, म्हणून मामींना वाचून दाखवाल तेव्हा समजावं यासाठी सविस्तर लिहितो. यंदा एकोणीस वर्षांनी आमच्या महालक्ष्मीची यात्रा भरतेय. यात्रेआधी पाच मंगळवार गाव पाळायचं असतं. त्या दिवशी उजाडायच्या आत चुली विझवायच्या, दारांना कुलपं घालायची, गुरंढोरं घेऊन शिवेबाहेरच्या शेतात जायचं आणि दिवस मावळल्यावर परतायचं. दिवसभर गावात माणूस नको, धूर नको, नांगर नको, गाडी नको. गाव त्या दिवशी देवीचं. दुपारी भरमूअण्णा शेतात फिरून घरटी माणसं मोजतात, कुणी आत राहिलं तर नाही ना म्हणून. आणखी एक नियम आहे. पाळणुकीच्या दिवशी शिवेवर कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, कारण पहिल्या दोन हाका कुणाच्या असतील ते सांगता येत नाही. लहानपणी मला हा नियम फार आवडायचा. आईनं कामाला हाक मारली की मी वर्षभर तोच पाळायचो.

जानेवारीत देवळात कमिटी बसली आणि प्रश्न निघाला माझा. भरमूअण्णा म्हणजे देवीचे पुजारी, वय ऐंशी, ऐकायला कमी आणि बोलायला भरपूर. ते म्हणाले, "नांगर धरायचा न्हाय, गाडी जुपायची न्हाय, मग ह्याचं इमान कसं चालतंय?" धावपट्टीवर उतरताना विमान आमच्या गावावरून तीनशे फुटांवरून जातं, हे मीच एकदा फुशारकीनं सांगून ठेवलेलं. मग शीव वर कुठपर्यंत असते यावर तीन तास चर्चा झाली. कुणी म्हणालं कळसाएवढी, कुणी म्हणालं घारीएवढी. शेवटी भरमूअण्णांनी निकाल दिला की शिवंला वरनं छप्पर न्हाय. म्हणजे मी कितीही उंचावरून गेलो तरी गावातूनच गेलो. तेव्हा पाच मंगळवार मी उडायचं नाही. बाकीच्या वैमानिकांनी खुशाल उडावं, ते गावचे नाहीत. मला हे अगदी न्याय्य वाटलं. (चौतीस वर्षांचा कॅप्टन, दोन हजार तास डाव्या सीटवर काढलेला, आणि देवळाच्या पायरीवर बसून माना डोलावतोय.)

मी तीन महिने आधी कंपनीकडे पाच मंगळवारांच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खोटं कशाला लिहा म्हणून लिहिलं, 'ग्रामदेवतेच्या पाळणुकीमुळं आकाशात जाण्यास मनाई.' त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. मी भरमूअण्णांचा अंगठा असलेला कमिटीचा ठराव पाठवला. आठ दिवसांनी पत्र आलं की रजा मंजूर, मंगळवारची सोय केली आहे. ही सोय म्हणजे भाड्याचं विमान. आमच्याकडे त्याला वेट लीज म्हणतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर बस दुसऱ्याची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, मेकॅनिक दुसऱ्याचा, पाटी तेवढी आपली. पहिल्या मंगळवारी ते आलं. कंपनीला ते इतकं मानवलं की गुरुवारपासून ते रोजच येऊ लागलं, आणि शनिवारी आम्हा अकरा वैमानिकांना कळवलं की पुढची सूचना येईपर्यंत घरी प्रतीक्षा करावी. प्रतीक्षेला पगार नसतो. माझ्या शेजारच्या सीटवर चार वर्षं बसलेली माधवी आता पुण्यात भावाच्या क्लासमध्ये गणित शिकवते. ती फोन करून विचारते की हे खूळ कुणाच्या डोक्यातनं निघालं असंल रे, आणि मी म्हणतो, वरच्यांच्या. मामा, हे मी तुम्हाला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दहा जणांची घरं माझ्या अर्जानं बसली असतील तर ते ओझं माझं आहे आणि ते मला रोज जेवताना जाणवतं.

ते विमान पांढरं आहे. नुसतं पांढरं, नाव नाही, रेघ नाही, शेपटीवर चित्र नाही. आज या कंपनीकडं, उद्या त्या कंपनीकडं, म्हणून रंग देत नाहीत, यात काही गूढ नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अकरा चाळीसला आमच्या वांग्याच्या वाफ्यावरून त्याची सावली जाते तेव्हा आमची म्हैस दूध चोरते, हेही खरं. सामान उतरवणारा शामू सांगतो की त्यातले वैमानिक कधी खाली उतरतच नाहीत. पंचवीस मिनिटं थांबतात आणि जातात. काचेतनं एकानं एकदा हात केला, तोही शामूला नाही, शामूच्या मागं कुणाला तरी. मागं कुणी नव्हतं. (मी शामूला म्हटलं, मागं माझा पुतळा असेल. कंपनीचे दिवस बरे होते तेव्हा माझा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा करून दारात उभा केला होता, हात जोडलेला. आमच्या तळावर आज कायम नोकरीत असलेला तो एकटाच.)

त्याच बऱ्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. बेळगावच्या प्रवाशांचं स्वागत त्यांच्या बोलीत व्हावं, असं कुणाच्या तरी मनात आलं. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा मीच. मला बेंगळुरात एका काचेच्या खोलीत दोन दिवस बसवून सहाशे वाक्यं वाचून घेतली. स्वागत असो, पट्टा बांधा, उशीर झाला, मग आकडे, गावांची नावं, माणसांची नावं, आणि काही वाक्यं अशी की ती विमानात कशाला लागतील ते कळेना. 'काळजी करू नका, मी आहे' हे तर सात वेळा म्हणवून घेतलं. मधूनमधून मी खाकरत होतो, तेही त्यांनी ठेवून घेतलं. ती खाकरी खरं तर आप्पांची. वाईट बातमी सांगायच्या आधी आप्पा दोनदा खाकरायचे आणि मग थोडा वेळ गप्प. आप्पा गेले आणि ती माझ्या घशात राहिली.

तिसऱ्या मंगळवारी आम्ही सगळे विमानतळाच्या कुंपणालगतच्या शेतात बसलो होतो. दुपारची वेळ, ऊन लख्ख. समोर गाव दिसत होतं, कौलं, कुलपं, देवळाचं शिखर, आणि कुठंही धूर नाही. आपलंच गाव माणसांशिवाय बघितलं की ते आपल्याकडं बघतंय असं वाटतं. आतून एकदा कुणाचं तरी दार आपटल्याचा आवाज आला. कुणी वळून पाहिलं नाही, कारण पाहायचं नसतं. फक्त ज्यांच्या घराला लाकडी दारं आहेत त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. बाराला, वीस मिनिटं उशिरा, पांढरं विमान आलं. त्याची सावली जोंधळ्यावरून, गुरांवरून, माणसांवरून गेली. आईनं सवयीनं हात वर केला. मी नोकरीत होतो तेव्हा ती रोज करायची. मग तिच्या लक्षात आलं की मी शेजारीच भाकरी खातोय, आणि तिनं तो हात तसाच डोक्यावर नेऊन पदर सारखा केला.

तासाभरानं शेजारच्या ताराबाई आल्या. लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेल्या, जावयानं विमानाचं तिकीट काढून दिलेलं. उतरून बॅग घेऊन तशाच चालत शेतात आल्या आणि मला बघून बॅग त्यांच्या हातातनं सुटली. "तू हितं कसा रं?" त्या म्हणाल्या. "आत्ताच तर तू मला घेऊन आलास." विमानात मी म्हणे सगळ्यांना रामराम घातला, मी रविराज, इथल्याच मातीतला, असं सांगितलं. एवढंच असतं तर मी समजावून सांगितलं असतं की हे ध्वनिमुद्रण आहे, दाराशी टेप लावावी तसं. पण ताराबाईंनी फोन काढला. सकाळी कंपनीचा निरोप आला होता, तो त्यांनी मोठ्यानं लावला. शेतात दोनशे माणसं ऐकतायत, आणि फोनमधून मी दोनदा खाकरलो. मग थोडा वेळ काही नाही. मग म्हणालो, "ताराबाई, तुमचं विमान वीस मिनिटं उशिरा येतंय. काळजी करू नका, मी आहे." माझ्या तोंडात भाकरीचा घास तसाच. मामा, हे वाक्य मी कधी वाचलेलं नाही. तुकडे माझे आहेत, शिवणारा दुसराच आहे. मी काही बोलायच्या आत आई उठून ताराबाईंपाशी गेली आणि म्हणाली, परत लाव गं. आवाजासाठी नव्हे, खाकरीसाठी. तिनं ती चार वेळा ऐकली.

मी सगळ्यांना समजावलं की संगणकाला माझा आवाज शिकवलाय, आता तो हवं ते माझ्या आवाजात बोलतो. भरमूअण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं (म्हणजे ओठांकडं बघितलं) आणि विचारलं, "यंत्र बोलंल रं. पर यंत्र खाकरतंय व्हय? त्याचा घसा कुठाय?" दोन हजार तासांच्या अनुभवात यंत्र कधी खाकरलं नव्हतं, आणि खाकरलं की आम्ही ते जमिनीवर उतरवायचो. आता गावापुढं पेच पडला. मी विमानात असेन तर पाळणूक मोडली आणि एकोणीस वर्षांची यात्रा अडकली. मी विमानात नसेन तर मग तो कोण? बुधवारी सकाळी कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळं गाव देवळात, मी मधोमध नवरदेवासारखा बसलेला. भरमूअण्णांनी गाऱ्हाणं घातलं की आई, ह्यो हितं बसलाय त्यो आमच्या भावकूचा (म्हणजे आप्पांचा) रविराज असंल तर उजवी दे. मी मनात म्हटलं, चला, निदान इथं तरी निकाल सोपा आहे. पंखा बंद, वारा नाही. डावी कळी पडली.

कौल दोनदा मागायचा नसतो. भरमूअण्णांनी माझ्याकडं जरा दयेनं बघितलं आणि अर्थ सांगितला. खरा रविराज विमानात असतो. तो तिथंच राहतो, त्याची चूल आता गावात नाही, आणि ज्याची चूल गावात न्हाय त्याला पाळणुकीचा वार न्हाय. म्हणजे पाळणूक मोडली नाही, यात्रा ठरल्याप्रमाणं होणार. लोकांचा जीव भांड्यात पडला. एकानं तर पेढे आणले. मी म्हटलं, आणि मी? त्यावर भरमूअण्णा म्हणाले, "तुम्ही ऱ्हावा की. पावण्याला कोण नको म्हणतंय?" मामा, ते मला तुम्ही म्हणाले. ज्या माणसानं मला लहानपणी देवळाच्या हौदात पोहताना धरून बडवलं, तो मला अहो-जाहो करतोय.

तेव्हापासून सगळं गाव माझ्याशी फार चांगलं वागतं. दुकानात रांग असली तरी मला आधी माल मिळतो. कुणी माझ्याशी वाद घालत नाही, कुणी माझ्यावर हसत नाही, आणि माझ्या पाठीमागून जाताना लोक जरा खोकून जातात. चौथ्या मंगळवारी मोजणीत आमच्या घरापुढं लिहिलं, आक्काताई (म्हणजे आई) एक, पाहुणा एक. चिकोडीचं स्थळ तुम्हीच आणलं होतं, त्यांच्याही कानावर गेलं. मला वाटलं मोडलं. पण मुलीच्या, म्हणजे रचनाच्या, वडिलांचा निरोप आला की कौल आम्हालाही मान्य आहे, मुलगी विमानातल्याला देऊ, तेवढं त्याला एकदा घरी आणून दाखवा. (पसंती कायम आहे, हे चांगलंच. फक्त मी त्यात कुठं बसतो ते कळेना.) आई दुपारी दोन ताटं वाढते, एक मला, एक झाकून. अकरा चाळीसला परसात जाऊन हात वर करते. मी खिडकीतून बघतो. एकदा मी आतूनच हात हलवला, तिनं पाहिलं आणि ओळखीचं हसली, पण तेवढंच.

गेल्या सोमवारी मी शेवटी त्याला फोन लावला, म्हणजे कंपनीच्या मदतीच्या नंबरावर. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला. मी असा कुणाचाही फोन आजवर उचललेला नाही. "नमस्कार, मी रविराज, काय मदत करू?" मी म्हटलं, मी रविराज बोलतोय. तो म्हणाला, "नमस्कार रविराज, आपलं स्वागत आहे." मी म्हटलं, अरे, रविराज मी आहे, तू कोण? त्यावर तो दोनदा खाकरला. मला एकदम आप्पांच्या शेवटच्या दिवसांतली दवाखान्याची पडवी आठवली. मग तो म्हणाला, "या नावानं आजच्या कोणत्याही उड्डाणात आरक्षण आढळत नाही. काळजी करू नका, मी आहे." मी फोन ठेवला. मामा, माझ्यापेक्षा त्याचा आवाज जास्त धीराचा होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्याला प्रतीक्षेत बसवणार नाहीत.

बुधवारी कंपनीचा कागद आला. आवाज कायमचा लिहून द्यायचा, पुढं त्यावर हक्क सांगायचा नाही. त्या बदल्यात पांढऱ्या विमानाच्या मालकाकडं सहा महिन्यांची कंत्राटी नोकरी, तीही उजव्या सीटवर, म्हणजे तुमच्या भाषेत ड्रायव्हरचा क्लीनर. मी तो कागद फाडला आणि चुलीत घातला. माणसानं सगळं द्यावं, पण बापाची खाकरी विकू नये. अकरा जणांची भाकरी माझ्या अर्जानं गेली, आणि त्याच ताटात मी परत बसायचं हेही मला पटेना.

तर मामा, विनंती एवढीच. भरमूअण्णांनी एक वाट ठेवली आहे. जावळ मामाच्या मांडीवर काढलेलं असतं, म्हणून मामानं शिवेवर उभं राहून तीन हाका मारल्या आणि तिसऱ्या हाकेला ह्यानं ओ दिली, तर कौल पुन्हा लावता येईल. येत्या मंगळवारी, म्हणजे शेवटच्या वारी, सकाळच्या गाडीनं या. काकतीला उतरू नका, थेट बेळगावात उतरा, मी स्कूटर घेऊन येतो. हाक मात्र 'रविराज' अशी मारू नका, त्या नावाला हल्ली दोघं धावतात. तुमच्या बसमध्ये मांडीवर बसून मी दिवसभर हॉर्न वाजवायचो म्हणून तुम्ही मला 'भोंग्या' म्हणायचात, ते नाव सहाशे वाक्यांत नव्हतं. ते अजून माझ्याकडं आहे.

मामींना नमस्कार, गुडघ्याला लसणीचं तेल लावत जा.

तुमचा भाचा
रविराज (जमिनीवरचा)

ता. क. वरचं पत्र काल लिहिलं. आज वाचून बघितलं आणि लाज वाटली, म्हणून खरं लिहितो. कागद मी चुलीत घातलेला नाही. सही करून बुधवारीच पाठवला. मला उडायचं होतं, मामा. साडेतीन आठवडे मी जमिनीवर आहे आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. पांढऱ्या विमानातल्या उजव्या सीटवरच्याला आमचं तिखट सोसलं नाही, तो गावी गेला, त्या जागी मी. पहिली ड्यूटी येत्या मंगळवारी, अकरा चाळीसचं सांबरा. आता म्हणाल पाळणुकीचं काय. तर कौलाप्रमाणं मी रविराज नाही, आणि जो रविराज आहे तो गावचा नाही, म्हणजे दोघांनाही वार लागत नाही. तुम्ही हाका मारून मला खरा ठरवलंत तर मात्र लागतो. तेव्हा वर लिहिलेली विनंती रद्द समजा. हाका मारू नका. शेतात मोजणी होईल, आमच्या घरचा पाहुणा कमी भरेल, आणि तो गावात मागं राहिला असं ठरलं तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून तुम्ही येऊन एवढंच सांगा की पाहुणा निपाणीला, तुमच्या घरी गेलाय. आईलाही मी तेच सांगितलंय.

आणखी एक. स्वागताचा रामराम ध्वनिमुद्रितच लागणार, मी प्रवाशांशी बोलायचं नाही, असं कंत्राटात आहे. म्हणजे मी पुढं गप्प बसलेला असेन आणि मागं मी बोलत असेन. त्याची मला भीती वाटते, उगीच हसून लपवत नाही. सावली अंगावरून जाईल तेव्हा तोंडातल्या तोंडात 'भोंग्या' म्हणा. ऐकू येणार नाही. खाली कुणाला तरी ठाऊक आहे, एवढं मला पुरे.

तम्मा, मी आक्का. त्यो पाकीट आणाय गेलाय, तवर पेन्शिलीनं लिवाय घेतलंय. समदं वाचलं. निपाणीला जायला काळे बूट कोण पुसतंय रं? मीच परत पुसून ठेवलेत. त्याला अडवू नको, जाऊ दे. मोजणीचं मी बघून घेईन, तू शेताकडं येऊच नको. तू इमानतळाच्या दारात हुबा ऱ्हा. मंगळवारी दोघंबी एकाच इमानात बसायचेत, पर उतरताना एकच उतरंल. कुठला, त्ये मला लांबनं दिसायचं न्हाय. तू त्याला मांडीवर घेतलायस, तूच बघ. तीन हाका मार, भोंग्या म्हणूनच मार. पयल्या हाकंलाच ओ दिली तर त्यो आपला न्हवं, त्याला गुळपाणी दे आणि तसाच इमानात माघारी बसव. आपला बारक्यापणापासनं पयल्या हाकंला कधी ओ देत न्हाय. तिसऱ्या हाकंला वैतागून "काय हाय" म्हणाला, की हाताला धरून घरला घिऊन ये. दिवस मावळल्याबिगर चूल पेटवायची न्हाय, पर सांच्याला ताट मी वाढून ठेवीन. ह्या बारीला एकच.